महाडचा फाल्गुन, पोलादपूरचा चैत्र

कोकणातला वसंत म्हटला की देशावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी समुद्र उभा राहतो. मग पांढरी वाळू, वाळूवर वाकलेला एखादा माड, आणि माडाच्या सावलीत हापूसची उघडी पेटी. मी स्वतः देशावरची, वाईची. महाडला नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने पहिला प्रश्न हाच विचारला होता की खोलीतून समुद्र दिसतो का. सोळा वर्षे झाली, अजून दिसलेला नाही. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके कोकणातच मोडतात, पण ते समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या पोटाशी बसलेले आहेत. मुंबई–गोवा रस्त्याने जाणारी मंडळी इथे चहापुरती थांबतात, महाडला एक कप आणि फार तर पोलादपूरला दुसरा. त्यातही आता कशेडीच्या डोंगरातून बोगदा निघाल्यामुळे घाट चढण्याआधी पोलादपूरला जी घटकाभर विश्रांती घेत, तीही पुष्कळांनी सोडली. तेव्हा इथला वसंत पाहिलेली माणसे थोडी, आणि त्याच्यावर लिहिणारी त्याहून थोडी.

दिवाळीच्या फराळाबरोबर वसंतावरचा लेख पुढे करणे जरा अवेळी दिसेल. पण चैत्रातल्या कैरीचे लोणचे आपण दिवाळीत खातोच की!

महाबळेश्वरच्या जुन्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात, हे वाचकांना ठाऊक असेल. त्या पाचांतली कृष्णा आमच्या वाईच्या घाटावर आली. सावित्रीने मात्र पश्चिमेला उडी घेतली आणि पोलादपूर, महाड करीत ती बाणकोटच्या खाडीला मिळाली. माहेर आणि नोकरी यांच्यामध्ये माझ्यापुरता एवढा एक डोंगर आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मी वाईहून परत निघते तेव्हा महाबळेश्वरला अंगावर शाल असते. आंबेनळीच्या घाटात प्रतापगडाचे वळण मागे पडले की शाल पिशवीत जाते. आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरते तेव्हा वाटते, ही शाल कुणी फुकट मागितली तर देऊन टाकावी. जेमतेम चाळीस किलोमीटरांत ऋतू बदलतो. वर जांभा आणि गारठा, खाली काटेसावर. पान नावालाही नाही, आणि फांद्या मात्र लालभडक फुलांनी लगडलेल्या. त्यांच्यावर मैनांची आणि कावळ्यांची अशी गर्दी, की लग्नघरी पहिली पंगत बसली आहे असे वाटावे. सावरीच्या मागोमाग पांगारा, आणि मार्च सरता सरता बहावा. संस्कृत कवींनी वसंताला फुलांचे बाण दिले. त्यांनी हा घाट एस.टी.च्या खिडकीत बसून उतरला असता तर बाणांची संख्या नक्की वाढवली असती.

खरे म्हणजे कॉलेजात शिकविणाऱ्याच्या नशिबी वसंत हा ऋतू लिहिलेलाच नसतो. बारावीचे पर्यवेक्षण, मग पेपरांचे गठ्ठे, मग विद्यापीठाच्या परीक्षा. कोकिळा ऐकते ती परीक्षेच्या खोलीत, कारण तेव्हाच काय ती शांतता असते. त्याहून चिकाटीचा पक्षी म्हणजे तांबट. कुणी तरी दूर कासाराच्या आळीत तांब्यावर हातोडी मारीत बसला आहे असा त्याचा आवाज सकाळी दहापासून सुरू होतो, तो उत्तरपत्रिका गोळा करीपर्यंत थांबत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'ऋतुवर्णन' या प्रश्नाच्या उत्तरात हा तांबट घातला होता. पुस्तकात तो नव्हता. मी गुण दिले.

गावाचा वसंत मात्र नाकाने आधी कळतो. माघात मोहर येतो. महाडच्या जुन्या वस्तीत अजून काही परसांत रायवळ आंब्याची मोठी झाडे आहेत, आणि रात्री त्या मोहराचा आंबूस-गोड वास गल्लीत उतरतो. त्याच गल्लीतून चार पावले गेले की सुकट गल्लीचा वास येऊन मिळतो. सोडे, जवळा, बोंबील! हे दोन वास एकमेकांत मिसळतात तेव्हा देशावरचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. मीही पहिली दोन वर्षे लावीत असे. आता वाटते, नुसता मोहर हा पुस्तकातला वसंत; मोहर आणि सुकट मिळून झाला तो महाडचा.

महाशिवरात्रीच्या उत्सवात वीरेश्वराचा छबिना निघतो. आसपासच्या गावांच्या पालख्या आणि सासनकाठ्या त्या रात्री महाडात येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते, आणि ढोल-सनईचा खालूबाजा सुरू झाला की गाव झोपत नाही. छबिना झाला म्हणजे थंडी संपली, असे इथले लोक समजतात. मग बाजारात एकेक वस्तू हजेरी लावू लागते. अलिबागेकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, ओले काजूगर येतात. काजूगर सोलणाऱ्या बायकांची बोटे चिकाने काळी पडलेली असतात, म्हणून त्यांच्याशी भावाची घासाघीस करताना मला संकोच होतो. (काकींना होत नाही.) फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या येतात. एप्रिल लागला की डोंगरातल्या कातकरी बाया करवंदे घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, पानांच्या खोल्यात भरून देतात. हापूस येतो तो बाहेरून, आणि त्याला भाव फार. इथल्या माणसाचा आंबा रायवळ, तो मे महिन्यात, आणि तो कापून खाणाऱ्याला इथे कुणी खवय्या समजत नाही.

काकींचा उल्लेख झालाच आहे, तर त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. मी ज्या घराच्या माडीवर राहते त्या घराच्या त्या मालकीण. वय बहात्तर. यजमान गेले त्याला बरीच वर्षे झाली, मुलगा मुंबईला. त्या मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना काकी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाडात शिरल्या तेव्हा तळमजल्यावर पाणी छताला टेकायला आले होते. आम्ही दोघी माडीवर होतो. काकींनी वर येताना हाती लागेल ते आणले: देव, तांदळाचा डबा, औषधाची पिशवी आणि बँकेचे पासबुक. कपाटातले दोन फोटोंचे आल्बम आणि एक पत्र्याची पेटी खालीच राहिली.

पाणी ओसरल्यावर पेटी सापडली. आत फोटोंची एक वीटच झाली होती. पुढे एका जाणत्या छायाचित्रकाराने सांगितले की भिजलेले जुने फोटो एकमेकांवर ठेवून वाळू द्यायचे नसतात. कागदावरचा चिकट थर वाळताना दुसऱ्या कागदाला धरतो आणि मग सुटत नाही. ते स्वच्छ पाण्यातच ठेवून एकेक वेगळा करायचा असतो, आणि मग चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचा. पण त्या आठवड्यात महाडात पिण्यासाठी स्वच्छ पाणी मिळवायची मारामार होती. फोटो धुवायला कोण आणणार! काकींनी ती वीट उन्हात ठेवली, जशी पापड ठेवतात तशी. यजमानांचा आता एकच फोटो उरला आहे, पासबुकावर चिकटवलेला, त्यावर बँकेचा अर्धा शिक्का.

अशी घरे महाडात कितीतरी. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो विचारले तर लोक हाताने खालपासून वरपर्यंत एक रेघ दाखवितात, आणि पुढे बोलत नाहीत. म्हणूनच की काय, पुरानंतर महाडकरांना फोटोंची विलक्षण हौस लागली आहे. पूर्वी मला ही मोबाइलवरची छायाचित्रे काढण्याची घाई उथळ वाटे. गुढी उभारली की फोटो, पुरणपोळी फुगली की फोटो. आता तसे वाटत नाही.

यंदा, म्हणजे २०२५ च्या फाल्गुनात, काकी एका संध्याकाळी माडीवर आल्या.

"बाई, तुमच्या वर्गात एक पोरगा आहे ना, लग्नाचे फोटो काढतो तो?"

"आहे. का?"

"त्याला म्हणावं, शिमग्याला माझ्या माहेरी चल. पैसे देईन. पण मोबाइल नको, मोठा क्यामेरा आण."

काकींचे माहेर पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरउतारावरची वाडी. वाडीचे नाव मी इथे घालत नाही. तशी मला तिथल्या लोकांनी विनंतीच केली, आणि तिचे कारण पुढे येईल.

पण शिमग्याकडे जाण्यापूर्वी, त्याच आठवड्यात येणाऱ्या दुसऱ्या एका दिवसाविषयी लिहिल्यावाचून महाडचा वसंत पुरा होत नाही. तो दिवस २० मार्च. त्या दिवशी चवदार तळ्याकडे जाणारे रस्ते पहाटेपासून माणसांनी भरून जातात. विदर्भातून, मराठवाड्यातून, मुंबईच्या चाळींतून बसगाड्या भरून लोक येतात. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर मुले, आणि डोक्यावर मार्चचे ऊन. तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात, मुलांच्या डोळ्यांना लावतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. बाजूला पुस्तकांची दुकाने लागतात. मराठीच्या अध्यापकाला सुख व्हावे असे ते दृश्य असते: पायात चपला झिजलेल्या, आणि हातात चार-चार पुस्तकांचा गठ्ठा बांधून घेतलेला.

बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले. पण ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात. इथल्याच लाडवली गावचे रा. बा. मोरे आणि त्यांचे सोबती यांनी खटपट करून १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरविली. तळे हाकेच्या अंतरावर असताना परिषदेच्या लोकांना पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यापुढचा मार, तळ्याची 'शुद्धी', त्याच वर्षीच्या डिसेंबरातली दुसरी परिषद आणि मनुस्मृतीचे दहन, कोर्टातली वर्षे, आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हे सारे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पुस्तकांत नाही ते ऊन. मी दर वर्षी त्या दिवशी दुपारी तळ्याच्या काठावरून एक फेरी मारते, आणि पाचव्या मिनिटाला घशाला कोरड पडते. अशा उन्हात, डोळ्यांसमोर तुडुंब तळे असताना तहानलेले राहणे म्हणजे काय, हे वर्गात शिकविता येत नाही. २०२७ साली या गोष्टीला शंभर वर्षे होतील.

शिमग्याची होळी यंदा १३ मार्चला पेटली, आणि वाडीत पालखी फिरायची होती रविवारी १६ तारखेला. आम्ही तिघे सकाळच्या एस.टी.ने निघालो. काकी नव्या साडीत, माझा विद्यार्थी गळ्यात कॅमेरा अडकवून, आणि मी हातात कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन; तो वाडीत सोडवायचा माझा विचार होता. पोलादपूरला उतरल्यावर मिनीडोर भरायला वेळ होता, म्हणून मी कवींद्र परमानंदांच्या समाधीकडे जाऊन यायचे ठरविले.

पोलादपूरला ही समाधी आहे हे पुष्कळ मराठी वाचकांनाही ठाऊक नसते. परमानंद मूळचे नेवाशाचे. शिवाजी महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच इच्छेवरून त्यांनी 'शिवभारत' हे संस्कृत महाकाव्य रचिले. ते पुरे झालेले नाही. एकतीस अध्याय पूर्ण, आणि बत्तिसाव्याचे नऊ श्लोक झाल्यावर ग्रंथ थांबतो. का थांबला यावर विद्वानांनी तर्क केले आहेत. मला त्या नवव्या श्लोकानंतरच्या कोऱ्या पानाचेच अधिक आकर्षण वाटते. स. म. दिवेकरांनी हा ग्रंथ छापून लोकांपुढे आणला तो १९२७ साली. म्हणजे ज्या वर्षी महाडला तळ्याचे पाणी गाजले, त्याच वर्षी पोलादपूरचा हा कवी पुन्हा वाचकांत आला. योगायोग आहे, दुसरे काही नाही. पण दोन गावांत अठरा-वीस किलोमीटरांचे अंतर असल्यावर असा योगायोग माझ्यासारखीला सुखावतो. समाधीपाशी त्या वेळी कुणी नव्हते. मी दोन मिनिटे उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला काकींचा आवाज आला, "बाई, तुमचा कवी कुठं जात नाही. पालखी जाईल."

पोलादपूरहून आत शिरले की रस्ता डोंगराच्या कडेकडेने चढू लागतो. याच मुलखात उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० च्या माघात कोंढाण्यावर पडलेल्या त्या वीराचा देह याच डोंगरवाटांनी गावी आणला असे सांगतात. मढे घाटाचे नावच त्यावरून पडले. वाटेत जिकडेतिकडे शेतांतून धूर निघत होता. राब भाजण्याचे दिवस. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचा पाला, गवत असे थरावर थर रचतात, वरून माती पसरतात आणि वारा पडलेला पाहून आग लावतात. जमीन भाजून निघते, तणाचे बी मरते, राखेचे खत होते. पावसाळ्याची तयारी इथे वसंतातच, आगीने सुरू होते. त्या धुराचा वास साडीला बसतो तो दोन धुण्यांनी जात नाही.

वाडीत पोहोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. निम्म्याहून अधिक घरांना एरवी कुलूप असते. शिमग्याला ती सगळी उघडतात. मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब आलेले, ओटीवर बॅगांचा ढीग, अंगणात नालासोपारा-विरारची पोरे क्रिकेट खेळत होती. काकींचे थोरले भाऊ, ज्यांना सारी वाडी दादाच म्हणते, पडवीत बसून सुपारी कातरीत होते. वहिनी कुठे दिसेनात. चौकशी करता कळले की त्या झिऱ्यावर गेल्या आहेत.

पावसाळ्यात या तालुक्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि मार्चमध्ये बायका ओहोळाच्या कोरड्या पात्रात खड्डा करून, वाटीवाटीने हंडा भरीत बसतात. नवख्याला हे कोडे वाटते. पण डोंगर उभा, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर; पाणी थांबेल कशाला? आषाढात ते दारावरून धावत जाते आणि फाल्गुनात त्याच्या मागोमाग हंडा घेऊन जावे लागते. पुढे एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर येतो. वहिनी आल्या त्या डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि तशाच अवस्थेत मला म्हणाल्या, "बाई, आधी पाणी घ्या." मी तांब्यातले पाणी प्याले. शेवटचा घोट तांब्यात ठेवायची सोय नव्हती, वहिनी पाहत होत्या.

जेवायला तांदळाची भाकरी, कडव्या वालाचे बिरडे, कुयरीची भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ. वालाला वहिनींनी कोकमाचा आणि गुळाचा असा तोल साधला होता की कडूपणा आहे हे कळावे पण तक्रार करता येऊ नये. घरची माणसे भाताबरोबर सुक्या जवळ्याची चटणी वाढून घेत होती. माझ्या विद्यार्थ्याने तीन वेळा भात घेतला. पेपरांचा गठ्ठा मी सोडला नाही, हे सांगायला नकोच.

मग तो विषय निघाला. महाडच्या पुराच्याच दिवशी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही माणसे गाडली गेली. त्यानंतर डोंगरउतारावरच्या वस्त्यांची पाहणी झाली. या वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग आहे. ती आधीपासूनची की त्या पावसातली, याबद्दल वाडीत दोन पक्ष आहेत. वाडी हलवायची असे ठरले आहे. जागा दाखविली आहे, घरे व्हायची आहेत. पावसाळा लागला की मोठ्या पावसाच्या रात्री सगळ्यांनी खालच्या गावच्या शाळेत जाऊन झोपायचे. दादा सांगत होते, सुपारी कातरीत, जणू दुसऱ्याच कुणाच्या घराविषयी.

"जागा चांगली आहे तशी. सपाट आहे. रस्त्याला आहे."

"मग?" मी म्हटले.

"मग काय. फणस नाही."

वाडीचे नाव छापायचे नाही, हे त्यांनीच सांगितले. "धोक्याच्या यादीत आहे म्हटलं की पोरांना मुली देत नाहीत, बाई. आधीच देत नाहीत."

तेव्हा मला काकींच्या मोठ्या कॅमेऱ्याचा उलगडा झाला. त्या माझ्या विद्यार्थ्याला घेऊन घरभर हिंडू लागल्या. आधी ओटी. मग ओटीवरचा झोपाळा, माजघराचा उंबरठा, चूल, जाते, तुळशीवृंदावन, न्हाणीचा दगड. माजघरात अंधार, तो बिचारा काच लावी, काढी, दार उघडी, खिडकी उघडी. "आजी, तुम्ही पण उभ्या राहा ना, नुसता उंबरठा काय घ्यायचा?" तो म्हणाला. काकी म्हणाल्या, "मला काय झालंय? मी महाडात आहेच. उंबरठा घे." त्याने उंबरठा घेतला. पण काकींच्या नकळत, त्या न्हाणीकडे वळल्या तेव्हाचा एक पाठमोरा फोटोही घेतला. मुलगा चांगला आहे. मराठीत थोडा कच्चा आहे इतकेच.

चारच्या सुमारास खालच्या अंगाने खालूबाजा ऐकू आला. पालखी आली. चाकरमान्यांनी खेळपट्टी आवरली. ज्या तरुणांना मुंबईत लोकलचा दांडा धरण्यापलीकडे खांद्याचा उपयोग नसतो, त्यांनी ती जड पालखी खांद्यावर घेऊन अशी नाचविली की अंगणातली धूळ कौलांपर्यंत उडाली. दादांना उठवेना, पण बसल्या जागी त्यांच्या पायाचा अंगठा ठेका धरून होता. वहिनींनी ओटी भरली, पोरांनी पोस्त मागितले. गुरवाने गाऱ्हाणे घातले; घरात असणाऱ्यांना, मुंबईत असणाऱ्यांना, गुराढोरांना सुखी ठेव, असे नेहमीचे. मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि महाराजा, नव्या जागेवर बी तूच ये." एरवी गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमाव जोराने होकार देतो. या वाक्याला दिला, पण जरा उशिराने.

परतताना काकी मिनीडोरमध्ये काही बोलल्या नाहीत. पोलादपूरला मात्र त्यांनी महाबळेश्वरहून आलेल्या स्ट्रॉबेरीचा एक खोका घेतला, भाव पाडून.

पाडवा ३० मार्चला झाला. महाडच्या गल्ल्यांतून गुढ्या उभ्या राहिल्या, आणि मग चैत्रातली हळदीकुंकवे सुरू झाली. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. काकींच्या डाळीत कैरी पुढे आणि डाळ मागे असते. माझ्या आईच्या हातची बरोबर उलटी. या दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती यावर मी दोन्ही घरी वेगवेगळी मते दिली आहेत. चैत्री पौर्णिमेला, १२ एप्रिलला, कॉलेजची काही मुले घेऊन रायगडावर गेले. महाराजांची पुण्यतिथी गडावर त्या तिथीला साजरी होते. टिळकांनी १८९६ साली तिथे उत्सव सुरू केला होता. वाटेत नाते लागते, ते चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. मुलांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर या गावचे असे सांगितले. त्यांनी खिडकीतून पाहिले आणि पुन्हा आपल्या मोबाइलकडे वळली. गडावर जाण्यासाठी १९९६ पासून रोपवे आहे, पण आम्ही पायऱ्यांनी चढलो. निदान मुले चढली. मी त्यांच्या मागोमाग, दर शंभर पायऱ्यांना एक ऐतिहासिक माहिती सांगत, म्हणजे थांबायला कारण मिळे. पुढे जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात रायगड आणि प्रतापगड दोन्ही आले. आता गर्दी वाढेल. चैत्रातल्या पहाटे जगदीश्वराच्या मागे उभे राहून खाली धुक्यात बुडालेला मुलूख पाहायचा असेल त्याने लवकर जावे.

वाडीचे फोटो एप्रिलच्या अखेरीस छापून आले. विद्यार्थ्याने पैसे घेतले नाहीत. काकींनी त्याला दोन किलो तांदूळ आणि पोह्याचे पापड दिले. एकेक संच दादांना आणि मुंबईच्या मुलाला गेला. आपला संच त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पत्र्याच्या नव्या पेटीत, आणि पेटी माझ्या माडीच्याही वरच्या माळ्यावर ठेवून दिली. शिडी मी धरली होती.

एक फोटो मात्र त्यांनी बाहेर ठेवला, परसातल्या फणसाचा. चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या आणि बोट फिरवीत झाडाच्या कुयऱ्या मोजू लागल्या. तीनदा मोजल्या. अठ्ठेचाळीस भरल्या.

"दादा चाळीस म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "आठ कुणाला कबूल केल्यान् कोण जाणे."